काहून पायदळ, भाऊ?

वर्धा ते सेवाग्राम हे अंतर आठेक किलोमीटरचं. रस्ता सपाट, चुकायला फारशी सोय नाही. पायी जायला अडचण एकच आहे, लोक जाऊ देत नाहीत. ऊन सोसता येतं, धूळ गिळता येते, ट्रकच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करता येतं. पण दर शंभर पावलांवर एक दुचाकी कचकन थांबते, चालवणारा तोंडावरचा दुपट्टा हनुवटीखाली ओढतो आणि विचारतो, "काहून पायदळ जाऊन राह्यले, भाऊ? बसा नं मांगं." आवाजात करुणा ओतप्रोत. ‘सहज चालतोय’ हे उत्तर इथं उत्तरात धरत नाहीत. गाडी पंचर झाली असेल, पेट्रोल संपलं असेल, घरात वाजलं असेल, नाहीतर नवस बोललेला असेल. कारण यातलंच एक पाहिजे. बिनकारणाचा पादचारी दिसला की वर्धेकराच्या जिवाला घोर लागतो.

आणि रस्ता कोणता, तर हा! ३० एप्रिल १९३६ रोजी सहासष्ट वर्षांचे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून निघाले आणि पायी शेगावला पोचले. ते शेगाव म्हणजेच आजचं सेवाग्राम. कोणीतरी चालत गेलं म्हणून नावारूपाला आलेल्या वाटा देशात मोजक्याच. एक दांडीची, काही पंढरीच्या, आणि ही एक. दांडीचं सोडा, पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला लोक पाणी देतात, पाया पडतात. इथं लिफ्ट देतात.

मीही एप्रिलची अखेरच धरली होती. गांधीजींना निघताना सासुरवाडीची परवानगी काढावी लागली नव्हती, एवढाच काय तो फरक.

माझी सासुरवाडी वर्ध्याची. विदर्भात जावई ही बसवून ठेवायची गोष्ट आहे. त्याला कूलरच्या थेट झोतात खुर्ची देतात; वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा येत राहतो, कूलरच्या आवाजापुढे बोलणं ऐकू येत नाही, आणि जावयाचं सासऱ्यांशी छान जमतं. अशा सुखाच्या जागेवरून उठून मी जाहीर केलं की उद्या पहाटे सेवाग्रामला चालत जाणार. सासऱ्यांनी कूलर बंद केला. त्या घरात एप्रिल महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"जवाई गावातून पायदळ निंघाला तं लोक का म्हनतीन?" ते म्हणाले. "घरी दोन गाड्या हायेत."

सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा! इतक्या उन्हात?" आणि आत जाऊन एक पांढरा कांदा घेऊन आल्या. "खिशात ठेवा. ऊन लागत नाई." पारा पंचेचाळीसच्या पुढं सरकतो त्या मुलखात ही श्रद्धा नाही, संरक्षणखातं आहे. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा आणि घरी परतल्यावर कैरीचं पन्हं, एवढ्या शस्त्रांवर इथल्या पिढ्यांनी मे महिना काढला आहे.

साळ्याचा प्रश्न व्यावहारिक होता. "भाऊजी, आश्रमच पाह्याचा आहे न? धा मिनिटांत नेऊन देतो."

"चालत जायचंय."

"मंग आश्रमात चाला न. तिथं लय जागा आहे."

बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की मी चालावं, आणि साळ्यानं ॲक्टिवावरून माझ्या चालीनं सोबत यावं. पाहुण्याला एकटं सोडणं शोभत नाही, आणि स्वतः चालणं तर त्याहून शोभत नाही. डिकीत पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज आणि सासूबाईंनी गुपचूप दिलेला दुसरा कांदा.

पहाटे मगनवाडीपासून सुरुवात केली. मूळ प्रयाण तिथूनच झालं होतं, तेव्हा घरापासून मगनवाडीपर्यंतचं अंतर हिशेबात धरायचं की नाही यावर साळ्यानं दोन मिनिटं घेतली. धरायचं नाही, असं त्यानंच ठरवलं आणि तेवढं मला गाडीवर बसवून नेलं. मगनवाडी म्हणजे जमनालाल बजाजांनी दिलेली बागेची जागा. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं बिऱ्हाड इथं पडलं. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे कर्तेधर्ते. विलायतेत हिशेबतपासणी शिकलेला हा गृहस्थ इथं घाण्याच्या तेलाचा आणि हातकागदाचा ताळेबंद मांडत बसला. साबरमती आश्रमाचा डोलारा सांभाळणाऱ्या मगनलाल गांधींचं नाव या जागेला दिलेलं. १९३८ पासून इथं मगन संग्रहालय आहे. पहाटे साडेपाचला ते बंद होतं, म्हणून साळा खूश झाला.

गावातला भाग लवकर संपला. तर्री-पोह्याच्या गाड्या लागत होत्या, तर्रीवर लाल तवंग चढत होता, आणि मी नाक धरून पुढं गेलो. तिथं थांबलो असतो तर हे प्रवासवर्णन तिथंच संपलं असतं.

गाव सुटता सुटता मला एक सहप्रवासी भेटला. अख्ख्या वाटेवर स्वखुशीनं चालणारा हा एकच माणूस. फरक एवढाच की मी रस्त्याच्या कडेनं लांबीत चालत होतो आणि तो रस्त्याच्या रुंदीत. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी आहे. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की बंदी संपते आणि माणसाचा सज्जनपणाही. मी साळ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं.

"बंदी दुकानावर आहे, भाऊजी," तो म्हणाला. "मानसावर नाई."

त्या गृहस्थानं मला अदबीनं नमस्कार केला. ‘काहून पायदळ’ असं मला न विचारणारा त्या दिवशी तोच एक निघाला.

पुढं दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. एप्रिलमध्ये विदर्भातल्या शेतात बघण्यासारखं काही नसतं, असं शहाणे लोक म्हणतात. कापूस निघून गेलेला, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधावर, नांगरून उलथी केलेली काळी ढेकळं ऊन खात पडलेली. पण हीच माती पावसाळ्यात काय करते हे ज्याला ठाऊक आहे त्यानं तिच्याकडे आदरानं बघावं. दोन सरी पडल्या की ती चपलेला असा लळा लावते की दहाव्या पावलाला चप्पल किलोभराची होते आणि विसाव्या पावलाला पाय एकटाच पुढं जातो. १९३६ साली इथं डांबर नव्हतं. पावसात बैलगाडीही रुतायची.

अशा वाटेनं रोज जाणारा एक माणूस होता, आणि खरं म्हणजे ही वाट गांधीजींची नाही, त्याची आहे, असं माझं मत आहे. ते मत मी जिथं मांडलं ती जागा आधी सांगतो.

अर्ध्या वाटेवर साळ्याला खर्ऱ्याची तलफ आली. टपरीवाल्यानं एक पारदर्शक पन्नी पसरली, तीत सुपारीचे बारीक काप टाकले, वर तंबाखूची चिमूट, वर बोटानं चुना. पन्नी दुमडली आणि समोरच्या लाकडी फळीवर तळव्यानं घोटायला लागला. घोटता घोटता तो बोलत होता, पैसे घेत होता, सुटे परत करत होता, पण उजवा तळवा काही थांबला नाही. सुपारी काळपट ओलसर झाली तेव्हा त्यानं पन्नीला गाठ मारून ती साळ्याच्या हातावर ठेवली. यानंतर साळ्याचं मराठी मला नीट कळेनासं झालं, कारण खर्रा तोंडात असताना ओठ उघडता येत नाहीत आणि विदर्भातला संवाद तर थांबवता येत नाही. मान वर करून, घशातून, सगळे स्वर एकसारखे काढून हे लोक राजकारणापासून पाऊसपाण्यापर्यंत सगळं बोलतात आणि एकमेकांना कळतंही.

बाकावर चौघे बसले होते. प्रश्न आलाच. "काहून पायदळ?"

इथपर्यंत मी खरं सांगून थकलो होतो. म्हटलं, "शुगर आहे."

चौघांचे चेहरे उजळले. अखेर कारण मिळालं होतं. एकानं जांभळाच्या बियांची भुकटी सांगितली, दुसऱ्यानं रात्री भिजवलेली मेथी, तिसऱ्यानं अनशापोटी कारल्याचा रस. चौथा वयस्कर होता. त्यानं औषध सांगितलं नाही, "कोनाचे जवाई?" एवढंच विचारलं. खर्ऱ्यातून वाट काढत साळ्यानं सासऱ्यांचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, "वळखतो." मी त्या शब्दाकडे तेव्हा लक्ष दिलं नाही.

विषय बदलावा म्हणून मी महादेवभाईंची गोष्ट काढली. गांधीजी शेगावला राहायला गेले तरी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई बरेच दिवस वर्ध्यात मगनवाडीतच राहत होते. टपाल वर्ध्याला यायचं, पाहुणे वर्ध्याला उतरायचे, वर्तमानपत्रं वर्ध्याला. महादेवभाई सकाळी ते सगळं घेऊन चालत शेगावला जायचे, दिवसभर लिहायचे, संध्याकाळी चालत परत. जाऊन-येऊन अकरा मैल. उन्हाळ्यात, पावसात, रोज. काही निकड निघाली तर दिवसातून दोनदा.

"दोनदा म्हंजे बावीस मैल?" टपरीवाल्याचा हात पहिल्यांदाच थांबला.

"बावीस."

"पगार किती होता?"

"पगाराचं असं काही नव्हतं."

"टीए?"

"नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्यात मेथीवाला म्हणाला, "म्हंजे डाक घेऊन जाय, अन् उत्तर घेऊन वापस ये. साहेब तिथं, टपाल इथं. ऑफिस हलवाले एका दिवसात हलवलं, अन् स्टाफचं कोनी पाह्यलंच नाई." सरकारी नोकरीतून निवृत्त झाला असावा. एका महात्म्याच्या निर्णयाची इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या चरित्रात वाचलेली नाही.

"मानूस टिकला का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

प्रकृतीनं दगा दिला, मी सांगितलं. रक्तदाब वाढला, सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पुढं ‘चले जाव’च्या वेळी अटक झाली, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, पन्नासाव्या वर्षी गेले.

"अन् चालवाले लावलं ते?"

"ते अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले."

"साहेब लोकायचं तसंच असते," मेथीवाला म्हणाला, आणि त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले. ते महादेवभाईंसाठी की शुगरसाठी, हे कळलं नाही. चहा मात्र बिनसाखरेचा आला होता.

टपरी सुटल्यावर साळ्याला वाहनचिंतन सुचलं. एवढा मोठा माणूस शेजारी, जमनालालजी, त्यांच्याकडे मोटार नव्हती का? होती. पण म्हणतात की त्यांनी एका जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन काढून तिला बैल जुंपले होते, आणि लोक त्या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. साळा गाडी थांबवून हसला. मग मनापासून विचारलं, "ॲव्हरेज किती देत असन?" मी म्हटलं, एका पेंढीला वर्धा-शेगाव. त्यानं ॲक्टिवाच्या काट्याकडे पाहिलं. माझ्या चालीनं गाडी हाकून त्याचं पेट्रोल भलतंच जळत होतं. त्या दिवशी खर्चाचा हिशेब काढला असता तर आमच्या दोघांत बैल स्वस्त पडला असता.

आठ वाजले तशी उन्हानं कातडीला हात घातला. इथं सावलीचं महत्त्व कळतं. या रस्त्याच्या कडेची जुनी झाडं गांधीकाळापासूनची आहेत असं वर्धेकर अभिमानानं सांगतात. २०२० साली रुंदीकरणासाठी त्यांतली काही तोडायला सुरुवात झाली तेव्हा गावातले लोक आडवे आले आणि तोड थांबवावी लागली. गंमत म्हणजे त्या झाडांखालून चालणारं कोणी नाही. पण झाड तोडायचं म्हटल्यावर गाडी लावून उतरणारे पुष्कळ निघाले. मला हे बरं वाटलं. प्रेम करायला चालत येण्याची अट घातली तर जगात फार थोडं प्रेम उरेल.

लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये या वाटेनं गेला, तो टांग्यातून. टांग्यात त्याच्यासोबत गांधीजींचे दातांचे डॉक्टर होते. गांधीजींच्या दातांची तेव्हाची शिल्लक पाहता त्या डॉक्टरांना कामाचा फार ताण नसावा. फिशर आठवडाभर सेवाग्रामात राहिला आणि उकाड्यावर त्यानं स्वतःचा तोडगा काढला. पाणी भरलेल्या टबात खोकं ठेवून त्यावर बसायचं आणि समोर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर. वाळ्याची ताटी तेवढी राहिली, नाहीतर विदर्भी कूलरचा शोध अमेरिकेच्या नावावर गेला असता. त्या मुक्कामावर त्यानं ‘अ वीक विथ गांधी’ हे पुस्तक लिहिलं.

एवढ्यात एक रिक्षा शेजारी येऊन थांबली. आत नवरा-बायको, तीन बॅगा आणि एक वैतागलेलं पोर. "आश्रम और कितना दूर है?" ही मंडळी सेवाग्राम नावाच्या स्टेशनावर उतरली होती. स्टेशनाचं नाव सेवाग्राम, म्हणजे समोरच आश्रम, असा कोणीही हिशेब करेल. ते पूर्वीचं वर्धा पूर्व. आश्रम तिथून चांगला कित्येक किलोमीटर. पण या भागात पत्ता चुकण्याची परंपराच आहे. गांधीजी शेगावात होते तेव्हा त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या, गजानन महाराजांच्या शेगावला जायची. १९४० मध्ये या शेगावचं सेवाग्राम झालं ते मुख्यतः टपालखात्याच्या सोयीसाठी. महाराजांच्या गादीवर काँग्रेसचे ठराव पोचत होते म्हणे. उलट दिशेनं नवसाची मनीऑर्डर कधी गांधीजींकडे आली की काय, हे नोंदलेलं नाही. आली असती तर त्यांनी ती हरिजन फंडात जमा करून पावती पाठवली असती.

रिक्षावाल्यानं मला आपादमस्तक पाहिलं. "मेडिकल का?"

सेवाग्राम जवळ आल्यावर या रस्त्यावर पायी माणसं दिसायला लागतात आणि ती सगळी मेडिकलची असतात. कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीत निघालेलं वैद्यकीय महाविद्यालय. हातात डबा, काखेत चादर, खांद्यावर प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. यवतमाळहून, चंद्रपूरहून आलेली माणसं फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि परत चालत होती. त्यांना कोणी ‘काहून पायदळ’ विचारत नव्हतं. एका बाईनं उलट मलाच विचारलं, "तुमचा कोन भरती आहे?" कोणी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग घरी जा न, बाबू. ऊन लय आहे."

आश्रमात शिरलो तेव्हा साळा आधीच पोचून झाडाखाली पाय पसरून बसला होता, आणि एका शाळेच्या सहलीला आपण मगनवाडीपासून कसे आलो ते सांगत होता. आदि निवास, बापूकुटी, मातीच्या भिंती, कौलं. साप पकडायचा लाकडी चिमटा. व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला टेलिफोन, म्हणजे दिल्लीशी बोलायची सोय, कारण चालत येणं व्हाइसरॉयला परवडलं नसतं. साळ्याला तो फोन फार आवडला. "महादेवभाऊले याचा काही उपयोग झाला असन का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मला त्याच्याविषयी प्रथमच थोडा आदर वाटला.

इथं गांधीजी आले ते खरं तर फारसं कोणी सोबत नको म्हणून. मीराबेन आधीपासून गावात होत्या. वस्ती सहाशेच्या घरातली, पोस्ट नाही, दुकान नाही. गांधीजींनी गावकऱ्यांपुढं मन मोकळं केलं, तेव्हा गावच्या वयोवृद्ध पाटलांनी स्वागताचं गोड भाषण केलं आणि वर स्वच्छ सांगितलं की बाकी सगळ्यात साथ देऊ, पण हरिजनांच्या कार्यक्रमात नाही. गांधीजींना हा स्पष्टपणा आवडला आणि ‘हरिजन’मध्ये त्याची नोंद झाली. मग हळूहळू एकेक करत सगळा गोतावळा मागोमाग आला, आणि एकांतासाठी शोधलेल्या गावी काँग्रेसच्या कार्यकारिणीची वर्दळ सुरू झाली. आता समोर भला मोठा चरखा उभारलाय, त्याच्यापुढं सेल्फी घेणारी रांग होती. रांगेतल्या कोणाच्या पायाला धूळ नव्हती.

परतताना ॲक्टिवावर बसलो. तिथं हट्ट केला नाही, कारण पारा, भूक आणि साळा तिन्ही चढले होते. जाताना ज्या वाटेला सकाळ लागली ती पंधरा मिनिटांत मागं पडली. टपरीवाल्यानं हात केला. बाकावर तिघंच होते. म्हातारा दिसला नाही.

तो आमच्या आधी घरी पोचला होता. बसून, पाणी पिऊन, सविस्तर बोलून परतही गेला होता.

सासऱ्यांनी मला कूलरपुढं बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. "सांगाचं नाई का, जवाईबापू? आम्ही का परके आहो?" सासूबाईंचे डोळे पाणावले होते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती हे फक्त मला कळलं. मी खुलासा करू लागलो तर सासरे म्हणाले, "पहिले पहिले सगळेच नाई म्हनतात."

पानं वाढली. एप्रिलअखेरचे ते दिवस, घरात त्या वर्षीचा पहिला आमरस. माझ्या पानात ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी आणि वाटीत भिजवलेली मेथी. समोर साळा बसला होता, त्याची वाटी काठोकाठ केशरी. त्यानं ती संपवली, खाली ठेवली आणि पिंडऱ्या दाबत हळूच "आई गं" म्हणाला.

"घे बाप्पा, अजून घे," सासूबाईंनी पळी बुडवली. "आठ किलोमीटर पायदळ गेलं पोरगं बिचारं."